राणू, बाळा, पुन्हा राणू : एका वंशावळीची तपासणी

पाटण तालुक्यातलं डोंगरकाठचं एक गाव आणि गिरण्यांच्या काळापासून मुंबईत स्थिरावलेलं तिथलं एक शेतकरी कुटुंब. त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. पणजोबांच्या मागच्या पिढ्या कागदावर सापडाव्यात, आणि ‘आपण मूळचे या गावचे नाही, बाहेरून येऊन वसलो’ ही घरात सांगितली जाणारी गोष्ट खरी की खोटी ते कळावं. सातारा जिल्ह्यातल्या अशा शोधांत पुन्हा पुन्हा दिसणारी परिस्थिती इथे एका कुटुंबाच्या रूपात मांडली आहे. नावं, सर्व्हे नंबर आणि नोंदींच्या तारखा नमुन्यादाखल आहेत. कागद, ते मिळण्याच्या जागा आणि त्यांतले फसवे भाग मात्र जसेच्या तसे आहेत.

हाताशी चार गोष्टी होत्या. आजोबांचा, म्हणजे सखाराम यांचा, शाळा सोडल्याचा दाखला : जन्मतारीख १ जून १९२१. गावाकडच्या जमिनीचा आजचा सातबारा : गट नंबर ११२. जन्म-मृत्यू रजिस्टरातल्या १९२१ सालच्या एका नोंदीची नक्कल. आणि चुलत्यांनी जात पडताळणीसाठी प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलेली वंशावळ : राणू, त्याचा मुलगा बाळा, त्याचा मुलगा सखाराम.

पडताळणीसाठी केलेली वंशावळ अशा कामात सर्रास पुरावा म्हणून धरली जाते आणि घोळ तिथूनच सुरू होतो. तिचा हेतू वेगळा असतो. मानीव दिनांकाआधीची जातीची नोंद दाखवायची असते : अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेच्या मागची एखादी चांगली नोंद मिळाली की शोध थांबतो. मधल्या पिढ्या कोणी फारशा तपासत नाही. म्हणून ही वंशावळ बाजूला ठेवायची, तिच्यातल्या प्रत्येक बाप-लेकाच्या जोडीसमोर प्रश्नचिन्ह काढायचं आणि आजच्या जमिनीपासून उलट चालायला लागायचं.

जमिनीपासूनच का? तर आडनाव जुन्या कागदात असेलच असं नाही. बऱ्याच नोंदींत नुसतं नाव, ‘बिन’ (म्हणजे ‘चा मुलगा’) आणि बापाचं नाव एवढंच असतं. घर जळतं, पडतं, माणसं मुंबईला जातात. शेत जागेवर राहतं. त्याच्या कागदावर कोणाचं नाव गेलं आणि कोणाचं आलं, हे सरकारनं महसुलासाठी लिहून ठेवलेलं असतं. हे लिहिणाऱ्याला तुमच्या घराण्याशी काही देणंघेणं नव्हतं, आणि म्हणूनच त्याच्या नोंदीला वजन आहे.

पहिली अडचण गट नंबरचीच आली. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली गावोगावी जमिनींचं एकत्रीकरण झालं आणि जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. गट नंबर घेऊन जुना फेरफार, म्हणजे खातेदार बदलल्याची नोंद, मागितला तर तो सापडत नाही, आणि ‘रेकॉर्ड नाही’ असं उत्तर घेऊन माणूस परत येतो. या दोन नंबरांमधला पूल म्हणजे एकत्रीकरणाचं ९(३) व ९(४) चं पत्रक. ते भूमि अभिलेख कार्यालयातून घेतलं तेव्हा गट ११२ म्हणजे जुना सर्व्हे नंबर ४७, हिस्सा २, हे कळलं. पुढच्या प्रत्येक अर्जात हाच नंबर टाकला.

मग तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलांसाठी अर्ज केला. तो मोघम लिहिला की काम अडतं. ‘आमच्या पूर्वजांची कागदपत्रं मिळावीत’ या अर्जावर कोणताही कारकून काही करू शकत नाही. असं लिहावं : ‘मौजे अमुक, तालुका पाटण, स.नं. ४७/२ चे सुरुवातीपासूनचे सर्व सातबारा, त्यावर नमूद सर्व फेरफार, गाव नमुना ६-क वारस नोंदवही आणि क-ड-ई पत्रक यांच्या नकला मिळाव्यात. तसेच गाव नमुना १४ चे सन १९१० ते १९२५ चे पान पाहण्यास मिळावे.’ अर्ज देण्याआधी ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर गाव आणि नंबर टाकून पाहावं. बरेच जुने सातबारा आणि फेरफार तिथे स्कॅन करून ठेवलेले आहेत. स्कॅनमध्ये पान तिरकं आलं असेल किंवा कडेची ओळ कापली गेली असेल, तर मूळ वही पाहण्याचा आग्रह धरावा. वारसांची नावं नेमकी कडेलाच लिहिलेली असतात.

आता गाव नमुना १४. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. गावातला जन्म आणि मृत्यू त्यात तारखेनं लिहिला जाई. काही गावांत या वह्या १८८० च्या दशकापासून मिळतात, आणि जुन्या बहुतेक मोडीत आहेत. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव क्वचितच असतं, कारण खबर बारशाआधीच दिली जाई. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, तारीख आणि वस्ती एवढंच मिळतं. त्यामुळे जन्माची नोंद एकटी कोणाचीच ओळख पटवत नाही. बापाचं एक मूल जन्मलं, एवढंच ती सांगते.

चुलत्यांकडची नक्कल ८ जून १९२१ ची होती : बाप बाळा राणू, मुलगा, वरची वाडी. शाळेच्या दाखल्यावर १ जून १९२१. सात दिवसांचा फरक पाहून सगळ्यांना ते जुळलेलं वाटलं होतं. पण १ जून ही आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजानं लिहिलेली तारीख असते. एका पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस त्याच दिवशी येतो. ती तारीख दुसऱ्या नोंदीशी जुळली म्हणजे पुरावा मिळाला असं होत नाही, कारण एक बाजू मुळातच अंदाजाची आहे. साल देखील चार-पाच वर्षांनी इकडेतिकडे असू शकतं.

रजिस्टर १९१० पासून ओळीनं वाचलं तेव्हा आणखी दोन नोंदी निघाल्या. मार्च १९१७ : बाप बाळा राणू, मुलगा, खालची वाडी. आणि २३ ऑक्टोबर १९१८ : मयत बाळा राणू, वय ३०, आजार ताप, खालची वाडी. १९१८ चा ऑक्टोबर म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ. एरवी महिन्याला एक-दोन मृत्यू असलेल्या वहीत त्या महिन्याची पानंच्या पानं भरतात, अक्षर घाईचं होतं आणि आजाराच्या रकान्यात एकाखाली एक ‘ताप’ येत जातो.

इथे चुलत्यांची वंशावळ अडकली. बाळा १९१८ ला वारला असेल तर १९२१ ला त्याला मुलगा कसा? पहिली ओढ अशी असते की मृत्यूची नोंद ‘दुसऱ्या कोणाची’ म्हणून सोडून द्यावी. तसं करायचं नाही. न जुळणारी नोंद हीच बहुतेक वेळा उत्तराकडे नेते. गावात एकाच वेळी दोन बाळा राणू होते का, एवढाच प्रश्न आता उरला होता, आणि त्याचं उत्तर फेरफारात होतं.

हक्क नोंदणीची पद्धत मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्यानं आली आणि १९१३ मध्ये ती जमीन महसूल संहितेतच घेतली गेली. त्यामुळे बहुतेक गावांचे फेरफार १९१० ते १९३० या काळापासून सुरू होतात. स.नं. ४७/२ वरचा १९१९ सालचा एक वारस फेरफार असा होता : ‘खातेदार बाळा बिन राणू बाळा हा ता. २३-१०-१८ रोजी मयत. वारस मुलगा सखाराम, अज्ञान, अ.पा.क. आई सखू भ्रतार बाळा.’

ही दीड ओळ सावकाश वाचायला हवी. ‘अज्ञान’ म्हणजे सज्ञान नसलेला. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, इथे आई. ‘भ्रतार’ म्हणजे नवरा. तेव्हा सखाराम १९१९ मध्ये हयात होता, लहान होता आणि त्याचा बाप वारलेला होता. मार्च १९१७ चा निनावी मुलगा त्याच्याशी जुळतो, जून १९२१ चा जुळूच शकत नाही. दाखल्यावरची जन्मतारीख चार वर्षांनी पुढे आहे. आणि मधोमध सखू आहे. घरातल्या कोणाला पणजीचं नाव माहीत नव्हतं. जुन्या वंशावळींत बायकांची नावं जवळजवळ नसतात, लेकींची तर नाहीतच. पण तरुण नवरा साथीत गेला आणि मूल अंगावर राहिलं, तिथे सरकारी कागदाला बाईचं नाव लिहावंच लागलं. घराणं शोधणाऱ्यानं विधवेच्या नावाचे फेरफार आधी पाहावेत. त्यांत नवरा, सासरा आणि मुलगा हे तिघं एकाच ओळीत सापडतात.

दुसरा बाळा राणू वरच्या वाडीचा होता. त्याची जमीन स.नं. ६१ मध्ये होती आणि १९३६ च्या एका फेरफारात तो स्वतः हयात आहे : ‘बाळा बिन राणू विठू’. फरक तिसऱ्या नावानं उघड केला. एकाच्या आज्याचं नाव बाळा, दुसऱ्याच्या आज्याचं विठू. दोन नावांवर कधीही थांबू नये ते याचसाठी. १९२१ ची नोंद खरी मानून पुढे गेलं असतं तर शोध स.नं. ६१ वर, विठूच्या घराण्यात गेला असता आणि पुढचे सगळे कागद अस्सल असूनही वंशावळ दुसऱ्याच घरची झाली असती.

सातबाऱ्यावर आणखी एक खूण जपून वाचावी लागते : ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, कुठे ‘ए.कु.क.’ म्हणजे कर्ता. थोरल्या भावाच्या नावापुढे हे लिहिलं की धाकट्यांची नावं सातबाऱ्यावर येत नाहीत. ते वाटणीच्या फेरफारात, कधी वीस वर्षांनी, एकदम उगवतात. धाकट्याच्या वंशजांना मग ‘आमच्या पणजोबांचं नावच नाही’ असं वाटतं. खाली सही किंवा अंगठा कोणाचा आहे, जबाब कोणी दिला, तेही पाहावं. भावकीतली नावं तिथे मिळतात.

या टप्प्यापर्यंत सखाराम, बाळा आणि राणू ही साखळी दोन स्वतंत्र कागदांनी बांधली गेली. क-ड-ई या जुन्या खातेदारांच्या पत्रकात स.नं. ४७/२ समोर आधीचा खातेदार ‘राणू बिन बाळा’ असा मिळाला आणि फेरफारातलं तिसरं नाव पक्कं झालं.

त्यामागे जायचं तर इंग्रजी अमलातली मूळ पाहणी. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३० च्या दशकात इंदापुरात सुरू केलेली सर्व्हेची पद्धत सातारा भागात १८४८ ला सातारचं राज्य खालसा झाल्यानंतर आली. या पाहणीचे टिपण बुक, गुणाकार बुक, वासलेवार, आकारबंद हे कागद भूमि अभिलेख कार्यालयात असतात. त्यांत आकृत्या आणि मोजमापं. नावं हवी असतील तर शेतवार पत्रक मागावं. ते प्रत्येक नंबराला कब्जेदार लिहितं. ४७ नंबरला १८६० च्या दशकात होता ‘बाळा बिन राणू’.

आता चुलत्यांची वंशावळ नेमकी कुठे मोडली ते दिसलं. त्यांनीही हे शेतवार पत्रक पाहिलं होतं. तिथला ‘बाळा बिन राणू’ आणि सखारामचा बाप ‘बाळा बिन राणू’ हे एकच समजले, आणि मधल्या दोन पिढ्या गिळल्या गेल्या. आपल्याकडे नातवाला आज्याचं नाव ठेवतात. त्यामुळे राणू-बाळा-राणू-बाळा अशी नावं एकाआड एक फिरत राहतात आणि एकाच जमिनीवर, एकाच ‘बिन’सकट, पन्नास वर्षांच्या अंतरानं वेगळा माणूस उभा असतो. हे पकडायला गणित पुरतं. १८६० च्या दशकात खातेदार असलेला माणूस फार तर १८४० पर्यंत जन्मलेला असणार. १९१७ ला त्याला मूल होणं म्हणजे पंचाहत्तरी ओलांडून झालेलं मूल. त्यात मृत्यूच्या नोंदीत वय ३० लिहिलं आहे. त्या काळचं वय पाच-सात वर्षांनी चुकतं, पंचेचाळीस वर्षांनी नाही. बाप-लेकातलं अंतर १८ च्या आत किंवा ५० च्या वर गेलं की मध्ये एक पिढी हरवली आहे असं धरून कागद पुन्हा काढावेत.

अशा रीतीनं क्रम लागला : राणू, बाळा, राणू, बाळा (मृत्यू १९१८), सखाराम. तीन नावांची वंशावळ पाच नावांची झाली.

१८४८ च्या मागे सामान्य शेतकऱ्याचा माग काढणं कठीण आहे, आणि इथे उत्साहाला आवर घालावा लागतो. पाटील, कुलकर्णी, देशमुख, इनामदार अशा वतनी घराण्यांची कागदपत्रं पुण्याच्या पुराभिलेखागारात विपुल आहेत. वतनाचे तंटे, महजर (सभेचे निवाडे), इनाम चौकशीची प्रकरणं यांत वंशावळी सविस्तर येतात, कारण हक्क वंशावरच ठरायचा. मात्र त्या वंशावळी दाव्याच्या पक्षानं दिलेल्या असतात. त्यांतून गाळलेला भाऊ विरुद्ध पक्षाच्या कैफियतीत सापडतो. बिनवतनी कुटुंबासाठी गावचे हिशेबी कागद पाहावे लागतात. त्यांत सर्वांत उपयोगी थळझाडा. गावची जमीन ‘थळां’मध्ये वाटलेली असे आणि थळाला मूळ मिरासदार (वंशपरंपरेनं जमीन धरणाऱ्या) घराण्याचं नाव असे. घराणं संपलं किंवा परागंदा झालं की ती जमीन ‘गतकूळ’ होई आणि बाहेरून आलेल्या ‘उपऱ्या’ला कसायला मिळे. ‘आम्ही बाहेरून आलो’ ही गोष्ट तपासायची जागा हीच.

या गावचा थळझाडा मोडीत मिळाला. साल असं : ‘सन सबा अशरीन मयातैन व अलफ’. हे अरबी सुहूर सन. एकं आधी, मग दहं, शतक, हजार. सबा सात, अशरीन वीस, मयातैन दोनशे, अलफ हजार, म्हणजे १२२७. सुहूर वर्ष मृगाला, जूनच्या सुरुवातीस, बदलतं. म्हणून जून ते डिसेंबरच्या कागदाला ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे : १८२६-२७. फसली सनाला ५९० किंवा ५९१, शकाला ७८ किंवा ७९. कागदावर कोणता सन आहे हे न पाहता आकडा मिळवला की माणूस नऊ-दहा वर्षं पुढेमागे सरकतो, आणि बाप-लेक ठरवताना तेवढं पुरेसं असतं.

मोडी वाचताना काय चुकतं? मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांत जागा सोडलेली नसते, ओळ आधी ओढून अक्षरं खाली लटकवलेली असतात, आणि ‘राणू’ला एक लेखनिक ‘रानु’ लिहितो तर दुसरा ‘राणु’. म्हणून लिप्यंतर करून घेताना वाचकाला ‘यात आमचा राणू आहे का’ असं विचारू नये. अपेक्षा सांगितली की डोळ्याला तेच दिसतं. पूर्ण पान द्यावं आणि जे असेल ते उतरवून घ्यावं. फोटोही वहीच्या वेष्टनाचा, पान क्रमांकाचा आणि संपूर्ण पानाचा काढावा. नुसत्या एका ओळीचा फोटो पुढे कोणी मानत नाही.

थळझाड्यात एका गतकूळ थळावर ‘धोंडी’, पुढे कुटुंबाचं आडनाव, पुढे ‘उपरी’. आडनाव जुळतं, बाहेरून आल्याची गोष्ट जुळते. पण थोरल्या राणूचा बाप धोंडी, असं हा कागद म्हणत नाही.

ते त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीनं सांगितलं. या नामावळ्या गाव, जात आणि आडनाव यांनुसार लावलेल्या असतात. यात्रेकरू आला की तो स्वतःचं, बापाचं, आज्याचं, भावांचं आणि मुलांचं नाव लिहवून घेई. जाण्याआधी आपल्या गावचे उपाध्ये कोण हे भावकीतल्या वृद्धांकडून विचारून घ्यावं, आणि आपलं गाव तेव्हा कोणत्या तर्फेत, म्हणजे जुन्या महसुली विभागात, मोडत होतं तेही, कारण वहीची अनुक्रमणिका जुन्या नावांनी असते. शके १७७१, म्हणजे १८४९-५० ची नोंद मिळाली : राणू बिन धोंडी, मुलगे बाळा आणि येसू, ‘मूळ गाव’ म्हणून पलीकडच्या खोऱ्यातल्या एका गावाचं नाव. ही नोंद यात्रेकरूनं स्वतः सांगितलेली, त्याच काळातली, आणि शेतवार पत्रकातल्या बाळाला राणूशी दुसऱ्या बाजूनं जोडणारी. एक काळजी इथेही घ्यावी लागते. वह्या जीर्ण झाल्या की नवीन वहीत उतरवतात. शाई आणि अक्षर पूर्ण पानभर एकसारखं असेल, त्यात तीन-चार वेगळ्या सालांच्या नोंदी असतील, तर ती नंतरची प्रत आहे. ते टिपणात तसंच लिहावं.

दक्षिण महाराष्ट्रात हेळवी बैल घेऊन गावोगाव येतात आणि घराण्याची वंशावळ वाचतात. या घराच्या हेळव्यांकडून धोंडीच्या वर आणखी चार नावं मिळाली. ती जपून ठेवण्यासारखी आहेत. पण त्यांना आधार देणारा दुसरा कागद नाही, तेव्हा ती तक्त्याच्या बाहेर, ‘हेळव्यांच्या सांगण्यानुसार’ या शीर्षकाखाली गेली.

अंतिम तक्ता असा काढला. सखारामपासून शेतवार पत्रकातल्या बाळापर्यंत आणि त्याच्या बापापर्यंत, राणूपर्यंत, अखंड रेघ. प्रत्येक जोडीखाली दोन कागदांचे क्रमांक. राणू आणि धोंडी यांच्यातही अखंड रेघ, पण एकाच कागदाच्या आधारानं, असं शेजारी लिहिलेलं. थळझाड्यातला धोंडी आणि वहीतला धोंडी एकच, याला तुटक रेघ : गाव, आडनाव आणि काळ जुळतात, बापाचं नाव मात्र थळझाड्यात नाही. सखूचं नाव बाळाच्या शेजारी, तिच्या फेरफाराच्या क्रमांकासह. वरच्या वाडीच्या बाळा राणू विठूची एक छोटी नोंद तळाशी, म्हणजे पुढे कोणी तीच १९२१ ची नक्कल घेऊन आलं तर पुन्हा फसणार नाही. जे पाहिलं आणि मिळालं नाही, तेही लिहिलं : गाव नमुना १४ ची १९०० च्या आधीची वही अभिलेख कक्षात नाही, थोरल्या बाळाच्या आणि त्याच्या मुलाच्या मृत्यूच्या नोंदी त्यामुळे तपासता आल्या नाहीत.

वहीत सांगितलेल्या मूळ गावाचं पानही त्याच उपाध्यायांकडे काढून पाहिलं. आडनाव तिथे आहे, देवकही तेच आहे, पण धोंडी नावाचा कोणी नाही. पुढचं काम त्या गावचा थळझाडा मागवण्याचं, आणि तो पाहायचा तो १८२६ च्या आधीचा.